शब्दवही आणि साडेपाच टन: नागपूरच्या त्रिमूर्तीनगरमधल्या घराच्या प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

जेवणाच्या टेबलावर घरभराच्या एसीची तीन कोटेशनं शेजारी शेजारी मांडली. दोघांनी साडेआठ टन लिहिलंय, तिसऱ्याने अकरा. घर तेच, राहणारी माणसं तीनच. बाबांनी चष्मा पुसत विचारलं, "टन म्हणजे वजन का गं?" मला नीट सांगता आलं नाही. खाली आणखी वीसेक शब्द होते: सीएफएम, ईएसपी, सीओपी, प्लेनम, डॅम्पर, रिटर्न एअर. सही आम्हीच करायची, आणि आयुष्यभराच्या बचतीतला मोठा तुकडा त्यात जायचा.

म्हणून ठरवलं, शब्द कळल्याशिवाय सही नाही. शंभर पानी वही घेतली, वर "शब्दवही" लिहिलं. मी गणित शिकवते. आकडा हातात आला की मला धीर येतो.

हा खटाटोप कशासाठी, तेही लिहून ठेवते. गेल्या मे महिन्यात बाबा त्यांच्या थंड खोलीतून बाथरूमकडे निघाले आणि पॅसेजमध्ये त्यांना घेरी आली. तापलेल्या स्लॅबखालचा तो पॅसेज भट्टीसारखा होतो. खोलीखोलीत एसी लावून हा प्रश्न सुटत नाही. सगळं घर एका पातळीवर यायला हवं, म्हणून डक्टेबल, म्हणजे एकाच यंत्राची गार हवा डक्टमधून (हवेच्या नळांतून) घरभर नेणारा एसी.

१५ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटून झाल्यावर दादाला ओहायोला फोन लावला. तिथे उणे पंधरा. त्याच्या घरी हीट पंप आहे, म्हणून आज त्यालाच धरलं.

पहिला उलगडा: हीट पंप म्हणजे वेगळं यंत्र नव्हे. एसी घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम उलट्या दिशेनेही करू शकतो. मधे चार तोंडांचा एक व्हॉल्व असतो, रिव्हर्सिंग व्हॉल्व. तो फिरला की आतली कॉइल, म्हणजे नळ्यांचं वेटोळं, तापते आणि बाहेरची गार पडते. आपल्याकडे दुकानात यालाच "हॉट अँड कोल्ड" म्हणतात. बाहेरची हवा दहा अंशांवर असली तरी तिच्यात उष्णता असतेच. यंत्र ती गोळा करून आत आणतं. हिटर वीज जाळून उष्णता तयार करतो, त्यामुळे एका युनिट विजेला एकच युनिट उष्णता मिळते. पंप उष्णता फक्त वाहून आणतो, म्हणून एका युनिटला तीन युनिटही मिळू शकतात. ही पट म्हणजे सीओपी.

दादाच्या थर्मोस्टॅटवर आज "ऑक्स हीट" अशी अक्षरं होती. बाहेर जितकी थंडी वाढते तितकी घराला उष्णता जास्त लागते, आणि पंपाची ताकद मात्र कमी होत जाते. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो बॅलन्स पॉइंट. त्याच्याखाली पंप एकटा पुरा पडत नाही, म्हणून विजेच्या पट्ट्या मदतीला येतात. ती ऑक्झिलरी हीट. "इमर्जन्सी हीट" हे बटण निराळं: त्यात पंप बंद होतो आणि सगळा भार पट्ट्यांवर जातो. पंप बिघडला तरच ते दाबायचं. दादाच्या शेजाऱ्याने ते महिनाभर चालू ठेवलं होतं, बिल पाहून चकित झाला.

वहिनीने बाहेरच्या युनिटमधून वाफ निघताना दाखवली. आग नव्हे, डीफ्रॉस्ट. बाहेरच्या कॉइलवर हिम साचलं की यंत्र काही मिनिटं पुन्हा एसीसारखं चालतं आणि आपल्याच उष्णतेने ते वितळवतं.

मग सीर आणि आयसीर, म्हणजे हंगामभरात खर्चलेल्या विजेमागे किती थंडावा मिळतो, या आकड्यांवरून आमची जुंपली. दादा म्हणाला, "माझ्या मशीनचा सीर १६ आहे, तुमच्या स्प्लिटवर आयसीर साडेचार, काहून इतकं मागे?" (वीस वर्षं तिकडे राहूनही त्याचं "काहून" गेलेलं नाही, मला फार बरं वाटतं.) उत्तर एककांत सापडलं. अमेरिकेचा सीर मोजताना वर बीटीयू (उष्णतेचं तिकडचं एकक) असतं आणि खाली वॉट-तास. आपला आयसीर वर-खाली दोन्हीकडे वॉट-तासांत. एका वॉट-तासात ३.४१२ बीटीयू. १६ ला ३.४१२ ने भागलं की ४.७ येतात. दोघे जवळपास बरोबरीचे! तंतोतंत तुलना तरीही होत नाही, कारण हंगाम वेगळा धरलेला असतो. आपल्या आयसीरमध्ये बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश आणि वर्षाला १६०० तास धरतात. दादाकडे हिवाळ्यासाठी निराळा आकडा आहे, एचएसपीएफ. आपल्या लेबलवर तो नसतो.

२८ जानेवारी

टन. आज हा शब्द सोडवला, आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर "हो" निघालं! वजनच आहे, पण बर्फाचं. यंत्रं आली तेव्हा लोकांना थंडावा बर्फात मोजायची सवय होती. एक अमेरिकन टन म्हणजे २००० पौंड, ९०७ किलो बर्फ. तो चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तेवढी त्या वेगाने काढणारं यंत्र एक टनाचं.

बाबांसमोर पाठकोऱ्या कागदावर मांडलं: ९०७ किलो गुणिले ३३४ किलोज्यूल, भागिले ८६,४०० सेकंद. साडेतीन किलोवॅट. पुस्तकी आकडा ३.५१७, तासाला १२,००० बीटीयू. बाबा हसले, "म्हणजे साडेआठ टन म्हणजे रोज साडेआठ टन बर्फाची गाडी घरात रिकामी करायची." तीन माणसांना इतका बर्फ कशाला लागतो, हा पुढचा प्रश्नही त्यांचाच.

लक्षात ठेवायचं: टन हा उष्णता काढण्याचा वेग आहे, विजेचा खर्च नव्हे. समजा, साडेपाच टनाचं यंत्र घेतलं, तर ते १९ किलोवॅट उष्णता काढतं. सीओपी तीनच्या आसपास असेल तर वीज सहा-साडेसहा किलोवॅट. थ्री फेज लागणारच.

११ फेब्रुवारी

बाबांच्या प्रश्नामागे लागले. याला हीट लोड म्हणतात: घरात उष्णता कुठून, किती येते. तिन्ही कोटेशनमध्ये हा हिशोब नाहीच. एकाला फोनवर विचारलं तर म्हणाले, "मॅडम, आम्ही स्क्वेअर फुटावर धरतो, वर थोडं जास्तच देतो."

स्वतःच मांडला. नव्वद चौरस मीटरचा उघडा स्लॅब, वर काहीच नाही. काँक्रीटच्या अशा स्लॅबचा यू-व्हॅल्यू ३.३ च्या आसपास धरला, म्हणजे आत-बाहेर एक अंश फरक असेल तर दर चौरस मीटरमधून ३.३ वॉट आत झिरपतात. मे महिन्याच्या दुपारी ऊन धरून गच्चीचं तापमान ६५, आत २६. फरक ३९.

३.३ × ३९ × ९० = ११,५८३ वॉट. म्हणजे ३.३ टन. एकट्या छताचे!

हा ढोबळ, वरच्या टोकाचा आकडा आहे. स्लॅब तापायला वेळ घेतो आणि रात्री तीच उष्णता परत देतो. तरीही मी दोनदा तपासला. मग तोच हिशोब गच्चीवर ५० मिलिमीटरचे एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारे फोमचे तक्ते) आणि वर पांढऱ्या टाइल्स धरून केला. यू-व्हॅल्यू ०.५ वर येतो. ०.५ × ३९ × ९० = १,७५५ वॉट, म्हणजे अर्धा टन. पांढऱ्या टाइल्समुळे ऊनही परत जाईल, ते अजून मोजलंच नाही.

पावणेतीन टनांचं यंत्र आम्ही गच्चीला पोसायला विकत घेणार होतो.

निवासी इमारतींसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये इको-निवास संहिता आणली. तिच्यात छताचा यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नको म्हटलंय. आमचा स्लॅब जवळपास तिप्पट. घर १९९१ चं, तेव्हा कोण विचारत होतं.

भिंती, खिडक्या, माणसं, स्वयंपाकघर, बाहेरून शिरणारी हवा हे सगळं जोडून आताचा एकूण लोड ७.२ टन, छत केल्यावर ४.४. आधी गच्ची, मग यंत्र.

२५ फेब्रुवारी

आज माझ्या मते या वहीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद.

कॅटलॉगवरचा टन कोणत्या हवेतला? प्रमाणित चाचणीत, जिला टी-१ म्हणतात, बाहेर ३५ अंश आणि आत २७ धरतात. नागपुरात मार्च संपायच्या आत पारा पस्तिशी ओलांडतो. बाहेरची कॉइल आपली उष्णता बाहेरच्या हवेलाच देते; ती हवाच ४५ ची असेल तर देणं अवघड होतं, कॉम्प्रेसर जास्त राबतो, थंडावा कमी आणि वीज जास्त. उष्ण प्रदेशांसाठी टी-३ नावाची वेगळी चाचणी आहे, तिथे बाहेर ४६ अंश. आपल्याला विचारायचा आकडा तोच.

तिन्ही डक्टवाल्या भाऊंकडे मी कपॅसिटी टेबल, म्हणजे बाहेरच्या कोणत्या तापमानाला यंत्र किती टन देतं त्याचा तक्ता, मागितलं. दोघांनी टाळलं. तिसऱ्याने, अकरा टन सांगणाऱ्यानेच, कंपनीकडून मागवून दिलं आणि माझ्याबरोबर तासभर बसून ओळ न् ओळ वाचलं. साडेपाच टनाचं मॉडेल ४६ अंशांवर ४.८ देतं. आमचा लोड ४.४. पुरतं!

"मी वीस वर्षांपासून हे काम करून राहिलो मॅडम," ते म्हणाले, "पण गिऱ्हाईक कधी हा कागद मागत नाही. तक्रार मेमध्येच येते, म्हणून आम्ही आधीच मोठं देऊन टाकतो." प्रामाणिक उत्तर होतं. काम या भाऊंनाच दिलं.

पण मोठं यंत्र घेतलं तर बिघडतं काय? जुलैत बिघडतं. मोठं यंत्र चटकन तापमान खाली आणून थांबतं आणि हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. घर गार, पण चिकट. म्हणून इन्व्हर्टर, जो कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करत हळू, सतत चालतो.

हॉट अँड कोल्ड घ्यायचं का, यावर आईशी बोलणं झालं. नागपूरची थंडी दीड-दोन महिन्यांची. पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि त्या आठवड्यात आईचे गुडघे असे आखडले की तिला पलंगावरून उठवावं लागे. दादासारख्या विजेच्या पट्ट्यांची इथे गरज नाही. आठ-दहा अंशांत पंप एकटा सहज निभावतो. घेतलं.

१० मार्च

गच्ची पूर्ण. पाणी साठवून चोवीस तास पाहिलं, गळती नाही.

२४ मार्च, होळी

तांब्याचे पाइप जोडले. आज "गॅस" या शब्दाची नोंद.

आमच्या जुन्या स्प्लिटमध्ये एक मेकॅनिक दर उन्हाळ्यात "गॅस टाकायला" येत असे. आम्हीही पेट्रोलसारखा तो संपतो असंच समजत होतो. हा गॅस म्हणजे रेफ्रिजरंट, आणि ते संपत नसतं. ते बंद नळ्यांत फिरतं: आतल्या कॉइलमध्ये उकळून उष्णता घेतं, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होऊन ती देतं. आतली कॉइल इव्हॅपोरेटर, बाहेरची कंडेन्सर, दोन्हींच्या मधे दाब पाडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. सहा वर्षं आमची गळती कोणी शोधली नाही, फक्त भरत राहिले.

जुन्यात आर-२२ होता. तो ओझोनच्या थराला इजा करतो, म्हणून जगभर हद्दपार होतोय. नंतर आर-४१०ए आला. तो ओझोनला निरुपद्रवी, पण हवेत सुटला तर त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट तापवतो. आर-३२ चा तोच आकडा ६७५. अमेरिकेत पुढच्या जानेवारीपासून ७०० च्या वरचा वायू असलेली नवी घरगुती यंत्रं बनवायला मनाई आहे, हे दादाने सांगितलं. आमच्यात आर-३२ आहे. तो किंचित ज्वलनशील असल्याने जोडणी करताना काळजी हवी.

भाऊंच्या पोरांनी आधी नायट्रोजन भरून दाब रात्रभर धरून ठेवला, सकाळी काटा जागच्या जागी. मग व्हॅक्युम पंप. मी विचारलं, इतका वेळ कशाला? "पाइपात हवा अन् ओल राहिली तर कॉम्प्रेसर खाऊन टाकते." गेज ५०० मायक्रॉनच्या (इथे हे पाइपात उरलेल्या दाबाचं माप) खाली जाऊन तिथेच थांबेपर्यंत कोणी घाई केली नाही. मला या मुलांचं फार कौतुक वाटलं. होळीच्या दिवशी, पोटात पुरणपोळी पडायच्या आधी.

१७ एप्रिल, रामनवमी

पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा बघायला सगळे दुपारीच गेले, म्हणून शांतपणे लिहायला बसले. परवा यंत्र पहिल्यांदा चालू झालं. हॉल गार, पॅसेज गार, आणि नैर्ऋत्येची बाबांची खोली तशीच गरम. ज्यांच्यासाठी केलं त्यांचीच खोली. रात्री झोप लागली नाही.

काल भाऊंबरोबर मोजमाप केलं. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. टनाला साधारण ४०० लागते, तर साडेपाच टनाला २२००. बाबांच्या खोलीत ५०० यायला हवी होती, जाळीवर ॲनिमोमीटर धरला तर ३१०.

इथे ईएसपी शब्द समजला. पंखा हवा ढकलतो आणि डक्टची लांबी, वळणं, फिल्टर, जाळ्या त्याला अडवतात. या अडथळ्यांविरुद्ध पंखा किती दाब देऊ शकतो तो एक्स्टर्नल स्टॅटिक प्रेशर, आपल्याकडे पाण्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. अडथळा त्याहून वाढला की हवा कमी पडते आणि मशीन कितीही टनांचं असलं तरी उपयोग नाही. (अमेरिकेने जानेवारी २०२३ पासून सीरऐवजी सीर-२ आणला तो यासाठीच: चाचणीत डक्टचा अडथळा खऱ्या घरासारखा जास्त धरतात, त्यामुळे त्याच यंत्राचा आकडा थोडा उतरतो.)

फॉल्स सीलिंगचा एक चौकोन उघडला. शेवटचा फ्लेक्सिबल डक्ट पीओपीच्या चॅनेलखाली दबून चपटा झाला होता, पायाखाली आलेल्या पाण्याच्या नळीसारखा. तो सरळ करून लटकवला: ४३०.

उरलेल्या तुटीचं कारण दार बंद करताना सापडलं. दार लावलं की हवा आत येते, पण परत जायला वाट नाही. खोली फुग्यासारखी भरते आणि नवी हवा घेत नाही. परतीची जाळी, रिटर्न ग्रिल, फक्त पॅसेजमध्ये. कोटेशनमध्ये "रिटर्न एअर" हे दोन शब्द तीन महिने माझ्यासमोर होते. मी सप्लायकडेच बघत राहिले. दाराच्या वर आरपार जाळी बसवायची ठरली.

२१ एप्रिल

जाळी बसली. ४९० सीएफएम. हॉलकडचा डॅम्पर, म्हणजे डक्टमधली झडप, जरा आवळली: ५१०. बाबा दुपारी तीन तास झोपले.

प्लेनमही आज डोळ्यांनी पाहिलं. यंत्रातून हवा आधी ज्या मोठ्या पेटीत येते आणि जिथून फांद्या फुटतात, ती. शब्द भारदस्त, वस्तू पत्र्याची पेटी.

३१ मे

शहरभर एकच चर्चा, नागपुरात ५६ अंश! एका स्वयंचलित केंद्राने तशी नोंद दिली आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासलं तर सेन्सर बिघडलेला होता. पण दोन दिवस माझे विद्यार्थीही ५६ च सांगत होते. त्यांना म्हटलं, तापमापक कुठे आणि कसा ठेवलाय हे आधी विचारा. गच्चीतल्या आमच्या बाहेरच्या युनिटजवळ ठेवला तर तोही पन्नाशी गाठतो, कारण घरातली उष्णता तिथेच ओतली जाते. म्हणूनच त्याच्या चारही बाजू मोकळ्या हव्यात. कोणीतरी सावलीसाठी ताडपत्री अगदी टेकवून बांधली होती, ती काढायला लावली.

सावलीतला माझा आकडा दुपारी तीन वाजता ४५. आत २६. सप्लायच्या जाळीवर १५, रिटर्नवर २६. अकरा अंशांचा फरक. यालाच डेल्टा टी म्हणतात, आठ ते बारा असेल तर यंत्र ठीक. पॅसेज २६.५. बाबा तिथे खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. मी काही बोलले नाही, नुसती बघत उभी राहिले.

आईचा कुलर मात्र हॉलच्या खिडकीत कायम आहे, वाळ्याच्या ताट्यांसकट, आणि ती बरोबर आहे. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओला पारा, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा, २३ च्या आसपास निघतो. चांगला कुलर या दोन आकड्यांतल्या फरकाचे ऐंशी टक्के कापतो: ४४ वजा सतरा, २७ अंश, अगदी थोड्या विजेत. मे महिन्याच्या सकाळी आई एसी बंद ठेवून खिडक्या उघडते आणि कुलर लावते. वाळ्याचा तो वास कोणत्याही डक्टमधून येणार नाही.

१४ जुलै

कुलर झाकून ठेवला. बाहेर ३१, आर्द्रता ऐंशीच्या घरात. ओला पाराच २८. आता ताट्यांतून फक्त दमट हवा येईल.

आज वहीत शेवटचे दोन शब्द राहिले होते: सेन्सिबल आणि लेटंट. तापमापकाला दिसते ती सेन्सिबल उष्णता. हवेतल्या बाष्पात दडलेली ती लेटंट. बाष्पाचं पाणी केल्याशिवाय ती बाहेर काढता येत नाही. मे महिन्यात आमचं यंत्र जवळजवळ पहिलंच काम करत होतं, आता दुसरंही करतंय.

बाबांना कागदावरचं पटेना, म्हणून त्यांनी ड्रेन पाइपखाली बादली लावली आणि घड्याळ घेऊन बसले. तासाभरात साडेतीन लिटर. एक लिटर पाणी हवेतून काढायला ०.६८ किलोवॅट-तास उष्णता काढावी लागते, म्हणजे २.४ किलोवॅट, टनाचा दोन-तृतीयांश भाग नुसत्या ओलीसाठी. बाबांनी गुणाकार स्वतः केला, वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि खाली तारीख टाकली. मग बादली उचलून आईच्या मोगऱ्याला घातली.